बग्गी गॅसवर गेली त्या हिवाळ्यात

शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळायला पडली, की आमच्या नंदुरबारात कुणाला कॅलेंडर बघावं लागत नाही. सकाळी दार उघडलं की पहिलाच श्वास घशात अडकतो, मग ठसका, मग शिंक, आणि तेवढ्यात शेजारच्या घरातून त्याच चालीची दुसरी शिंक. बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारतो, सगळ्यांना एकदम सर्दी कशी झाली हो? आम्ही म्हणतो, सर्दी कसली, मिरची आली. परवा मी गॅरेजचं शटर वर केलं आणि शिंका अशा सुरू झाल्या की थांबेचनात. ओढणी नाकाला लावून तिथेच पायरीवर बसले. शिंका थांबल्या, डोळे पुसले, तेव्हा लक्षात आलं की मिरचीबरोबर ते दुसरंही आलंय. पोटातलं दुखणं. दरवर्षी येतं.

स्पष्टच सांगते. मला माझ्या भावजयीचा मत्सर वाटतो. लोक अशी गोष्ट आडून सांगतात, ‘आमचं तितकंसं पटत नाही’ वगैरे. तसं काही नाही. आमचं उत्तम पटतं. ती माझ्या डोक्याला तेल लावून देते, मी तिच्यासाठी तिला झेपेल इतपत तिखट शेवभाजी करते, बाजारात आम्ही एकाच स्कूटीवर जातो. आणि तरी ती माझ्या भावाशेजारी इंजिनावर वाकलेली दिसली, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. आता या वयात हे काय, असं मी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही, शिंक आली.

गॅरेज नानांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं. धुळे रस्त्याला, पत्र्याचं, पुढे गाड्यांची जागा आणि मागे एक शेड. मी आणि योगेश, म्हणजे माझा धाकटा भाऊ योगा, तिथेच वाढलो. आई रागवायची की पोरीच्या जातीला ग्रीसमध्ये काय लोळायचं, पण नानांना माझी गरज होती. माझं नाक. गाडी आली की नाना बॉनेट उघडायचे आणि हाक मारायचे, "माय, देख बरं, काय वास ई ऱ्हायना?" मी हुंगायची आणि सांगायची. ऑइल जळतंय. पेट्रोल जास्त जातंय. गोडसर वास आहे, म्हणजे रेडिएटरचं पाणी आत शिरतंय. गिऱ्हाइकं हसायची. नाना हसायचे नाहीत, ते मी सांगितलेलं तिथंच खोलायचे.

नाना गेल्यावर योगा इंजिनावर वाकायला लागला आणि मी त्याच्या मागे उभी राहायला लागले. त्याची एक सवय होती, अजून आहे. मान वर न काढता तो डावा हात इंजिनावर ठेवायचा आणि उजवा मागे करायचा. तोंडाने एकच शब्द, "ताई." नंबर सांगायचा नाही. मी बघायची की डावा हात कुठल्या बोल्टावर आहे, त्यावरून समजायचं की दहाचा पाना हवा की चौदाचा, की नुसता पेचकस. पाना उचलायचा, ओढणीच्या टोकाला पुसायचा आणि त्याच्या तळव्यावर ठेवायचा. पुसायचा अशासाठी, की तेलकट पाना निसटतो आणि बोटं सोलतात. लग्न होऊन मी शिरपूरला गेले, ते घर काही माझं झालं नाही, मी परत आले. गॅरेजात पाय ठेवला तेव्हा योगा एका जीपखाली होता. त्याने विचारलं नाही की का आली, किती दिवस. जीपखालून हात बाहेर आला आणि आवाज आला, "ताई." मी पाना पुसून दिला. माझं माहेर म्हणजे तो तळवा, दुसरं काही नाही.

मग इंजेक्शनच्या गाड्या आल्या. कार्ब्युरेटर गेला, त्याच्या जागी पेट्रोल मोजून मोजून फवारणारे इंजेक्टर आले, आणि त्यांना हुकूम देणारा गाडीचा मेंदू, ज्याला आम्ही ईसीएम म्हणतो. गावातले निम्मे मिस्त्री या मेंदूला घाबरले. मी नाशिकला जाऊन कोर्स करून आले. स्कॅनर घेतला. पुढच्या भागात माझं टेबल झालं, टेबलावर लॅपटॉप, भिंतीवर नानांचा फोटो. ‘इंजेक्शनवाल्या ताई’ असं लोक म्हणायला लागले. नवापूर, तळोदा, अक्कलकुव्याहून गाड्या माझ्यासाठी यायच्या. खोटं कशाला बोलू, मी तोऱ्यात होते. योगा हाताने काम करायचा, मी नाकाने आणि डोक्याने. आमच्या दोघांच्या मध्ये साधा बोल्टही बसला नसता.

त्याच सुमारास योगाने बग्गी बनवली. तोरणमाळचे रायसिंगभाऊ पावरा आमचे जुने गिऱ्हाईक. वर पठारावर त्यांची शेती, शिवाय सुटीत आलेल्या लोकांना ते रानातून फिरवून आणतात. त्यांना अशी गाडी हवी होती जी दगडधोंड्यातून जाईल, मोह आणि चारोळीची पोती आणेल, आणि पोरंटोरं बसली तर किंचाळून पैसे वसूल झाले म्हणतील. योगाने लोखंडी पाइप वाकवून सांगाडा केला, रुंद टायर लावले आणि मागे एका भंगारातल्या छोट्या कारचं इंजेक्शनचं इंजिन बसवलं. त्याची सगळी वायरिंग मी केली होती. पिकअपमध्ये घालून बग्गी वर गेली तेव्हा मी तिला नारळ फोडला होता.

महिन्याच्या आत ती परत आली. रायसिंगभाऊ बोलतात थोडं. म्हणाले, "ताई, गाडी चढती. पण मधेच मरती." योगा वर जाऊन बघून आला. चढ असा, की टाकीतलं पेट्रोल सगळं एका कडेला जातं, पंप हवा ओढतो आणि इंजिन बंद. शिवाय दणक्यांनी माझ्या वायरींची कनेक्शनं सैल होतात, ओढ्याचं पाणी सेन्सरमध्ये जातं. मी म्हटलं, टाकीला आत कप्पे कर, कनेक्शनं मी वॉटरप्रूफ करते. योगा डोकं खाजवत म्हणाला, "हाई पेट्रोलवर जमनार नही, ताई. गॅसवर करी देऊत." प्रोपेन. आमच्या कटिंगच्या कामाला त्याचं सिलिंडर असायचंच. गॅस दाबाने स्वतःच येतो, टाकी कितीही वाकडी होवो. त्यासाठी वेगळी जाड टाकी, तिचा व्हॉल्व्ह, सगळं रीतसर आणू, आणि रस्त्यावर न्यायचीच नाही, रायसिंगभाऊंच्या रानातच फिरेल, असं त्याने ठरवूनही टाकलं होतं.

मी म्हटलं, "आणि माझे इंजेक्टर?"

"निंघतीन," तो म्हणाला. निघतील. इतक्या सहज.

तेवढ्यात जागृती, माझी भावजय, चहा घेऊन आली. त्याच वर्षी तुळशीच्या लग्नानंतर तिचं आणि योगाचं लग्न झालं होतं. जागृती नवापूरची, तिच्या वडिलांची पोल्ट्री. बोलायची अशी की आमच्या अहिराणीचा ‘शे’ आणि गुजरातीचा ‘छे’ यांच्या मध्ये कुठेतरी, आणि वाक्याच्या शेवटी एक लाडिक ‘ने’. तोवर गॅरेजात यायची ती चहापुरतीच. त्या दिवशी ट्रे हातात धरून उभी राहिली आणि म्हणाली, "गॅसचं मला माहीत आहे ने. पिल्लं आली की शेडमध्ये आम्ही गॅसचे ब्रूडरच लावतो. ऊब नाही मिळाली तर पिल्लं मरतात. थंडीत रेग्युलेटर गोठतो, पहाटे मीच उठून बघायची."

योगाने मान वर काढली. इंजिनावर वाकलेला माझा भाऊ बोलणाऱ्याकडे मान वर काढून बघतो, हे मी पहिल्यांदा पाहत होते. माझ्याकडे त्याने कधी असं बघितलं नव्हतं. बघायची गरजच पडली नव्हती, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त त्याची वर आलेली मान दिसली.

त्या हिवाळ्यात मागच्या शेडमध्ये ती दोघं आणि पुढे टेबलावर मी. मध्ये नानांच्या वेळचा गोणपाटाचा पडदा. ग्राइंडरच्या आवाजात शब्द ऐकू यायचे नाहीत, हसणं मात्र बरोबर यायचं. इंजिनात हसण्यासारखं काय असतं? मी आयुष्य घातलं त्यात, मला कधी विनोद सापडला नाही. एक दिवस योगा पुढे आला आणि त्याने टेबलावर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. उघडून बघितलं तर माझे चार इंजेक्टर, त्यांची नळी, आणि टाकीतला पंप. स्वच्छ धुतलेले. "तुन्हाजोडे ठेव, कामले येतीन," म्हणाला. तुझ्याजवळ ठेव, कामाला येतील. माणूस गेल्यावर त्याचं घड्याळ आणि चष्मा घरच्यांच्या हातात देतात, तसं मला वाटलं. मी ते खणात टाकले आणि खण असा लावला की नानांचा फोटो हलला.

बरं, कामही असं होतं की त्यात माझ्याजोगं काही दिसेना. टाकीतून गॅस पातळ निघतो. रिड्यूसर नावाच्या डब्यात त्याची वाफ होते, आणि होताना तो डबा बर्फासारखा गार पडतो, म्हणून इंजिनाचं गरम पाणी त्याच्याभोवती फिरवायचं. पुढे एक साधा मिक्सर, त्यात हवा आणि गॅस एकत्र, आणि गेलं इंजिनात. झालं. ना फवारा, ना मोजमाप, ना स्कॅनर. मी नाशिकला जाऊन जे शिकले, ते सगळं कापून टाकून गाडी चालणार होती, आणि पोल्ट्रीवाल्याची मुलगी पिल्लांना ऊब देता देता जे शिकली, त्यावर चालणार होती. सांगा, पोटात दुखणार नाही तर काय होईल?

एकदा मात्र मजा आली. योगा मेंदूसकट सगळी वायरिंग उपटायला निघाला होता. मी पडदा सारून म्हटलं, "काढ, काढ. आणि ठिणगी कोण देणार, तुझे सासरे?" योगाने वायरींवरचा हात काढला. या इंजिनाची ठिणगीही त्याच मेंदूच्या हातात होती. इंजेक्टर गेले तरी मेंदू ठेवायलाच हवा होता, नुसता ठिणगीपुरता. आणि गॅसला ठिणगी पेट्रोलपेक्षा जरा आधी लागते, ते लॅपटॉपवर जमवावं लागतं, आणि ते नंदुरबारात त्या घडीला मीच करू शकत होते. मी लगेच होकार दिला नाही. बघू, वेळ मिळाला तर, असं म्हणून पडदा सोडला. टेबलाशी येऊन एकटीच हसले.

मग मी वेळ काढला तो दुपारचा, जागृती स्वयंपाकाला घरी जाते तो. मुद्दाम. लॅपटॉप मांडीवर घेऊन बग्गीच्या सीटवर बसले, मागे योगा वाकलेला. आणि थोड्या वेळाने तोच उजवा हात मागे आला. "ताई." मी उडी मारून उतरले. डावा हात बघितला, बाराचा पाना उचलला, पुसला, दिला. त्याने बोल्ट आवळला, बस. पण मी पुन्हा सीटवर बसले तेव्हा स्क्रीनवरचे आकडे नीट दिसेनात. वाटलं, उद्या हाच हात मागे येईल, जागृती उभी असेल, आणि याच्या तोंडात तिचं नाव असेल. मग माझा तळवा गेला.

आणि मग तो वासाचा दिवस. पथाऱ्यांवर तेव्हा मिरचीचा लाल समुद्र होता, गावात ज्याचं नाक वाहत नाही असा माणूस नव्हता. सगळं जोडून झालं होतं. योगाने टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, आणि पडद्याकडे बघून हाक मारली, "ताई, वास देख." त्याने मला बोलावलं. तिला नाही, मला. मी अशी गेले जसं काही नानांनीच बोलावलंय. वाकले, टाकीशी हुंगलं, नळीशी हुंगलं, रिड्यूसरशी हुंगलं. मिरचीशिवाय काही नाही. मी म्हटलं, "काही नाही. लाव."

मागून जागृती म्हणाली, "येतोय ने. सडक्या अंड्यासारखा."

"पोल्ट्रीवाल्यांना सगळीकडे अंडीच दिसतात," मी म्हटलं. "मला येत नाही म्हणजे नाही. या गॅरेजात वास मी सांगते."

योगाचा हात स्टार्टरच्या बटनाजवळ होता. त्याने माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे. मला वाटतं, आमच्या सगळ्या आयुष्याचा हिशेब त्या बघण्यात होता. नानांची हाक, हुंगणारी पोर, गिऱ्हाइकांचं हसणं. त्याने बटनावरचा हात काढला, व्हॉल्व्ह बंद केला, शेडची दारं सताड उघडली. वारा खेळू दिला. मग मग्यात साबणाचा फेस करून आणला, व्हॉल्व्ह जेमतेम उघडला आणि एकेका जोडावर फेस लावत गेला. रिड्यूसरच्या खालच्या नटावर एक बुडबुडा आला. मोठा झाला, फुटला. पुन्हा आला.

योगा रागवला असता तर बरं झालं असतं. त्याने फक्त हळू विचारलं, "तुन्हा नाकले काय व्हयनं, ताई?" तुझ्या नाकाला काय झालं? मी पडद्याबाहेर आले आणि टेबलाशी बसून रडले, आणि कुणी बघितलं तर सांगायला मिरची होतीच.

आता विचार केला की हसू येतं. गावभर नाकं बंद पडलेली, आणि त्याच गावात आम्ही गॅसची गळती नाकाने तपासत होतो. मिरचीच्या हंगामात आपलं नाक मेलेलं असतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं का? जन्मापासून ठाऊक होतं. पण नाना हाक मारायचे, मी हुंगायची, योगा मानायचा, या सवयीपुढे मिरची कुणाच्या लक्षात आली नाही. अशी चूक आमच्याच गावात आणि आमच्याच गॅरेजात होऊ शकते. जागृतीचं नाक नवं होतं, अजून मिरचीने धरलं नव्हतं, एवढाच फरक. पण हे शहाणपण आताचं. तेव्हा मला एवढंच दिसलं, की इंजेक्टर गेले, आणि आता नाकही गेलं. उरला तो हात. तोही तिच्याकडे गेला असणार, असं मी धरून चालले.

बग्गी वर नेली तेव्हा मीही गेले. ठिणगीत काही कमीजास्त झालं तर कोण बघणार, असं म्हणत गेले. खरं तर मला त्या दोघांना एकटं सोडायचं नव्हतं. म्हसावद मागे पडलं, घाट सुरू झाला, गारठा वाढत गेला आणि जसजसं वर गेलो तसतसं माझं नाक मोकळं होत गेलं. तोरणमाळला मिरची नाही. तिथे धुराचा, शेणाचा, ओल्या पाल्याचा वास येतो. रायसिंगभाऊंच्या अंगणात उतरले तेव्हा मला सगळे वास येत होते, अगदी जागृतीच्या केसांतल्या तेलाचा सुद्धा.

सकाळी बग्गी काढली. सुरू झाली, आवाज गोड, ठिणगी बरोबर जागेवर. मी मान डोलावली. योगा घाईघाईने तशाच गार इंजिनावर चढाला लागला, मागे रायसिंगभाऊ. अर्ध्या चढावर गाडी गचकली आणि बंद. आम्ही दोघी पळत गेलो. रिड्यूसरवर पांढरं दहिवर जमलं होतं, डबा आतून गोठला होता. योगाने माझ्याकडे बघितलं. मला काय माहीत? मी ठिणगीची बाई. जागृती म्हणाली, "इंजिन आधी गरम होऊ द्यायचं ने, मग चढायचं. थांबा." आणि धावत घराकडे गेली, रायसिंगभाऊंच्या बायकोने चुलीवर ठेवलेलं कोमट पाणी तांब्यात घेऊन आली, ओढणी रिड्यूसरला गुंडाळली आणि वरून हळूहळू पाणी सोडलं. पिल्लांच्या शेडमध्ये ती पहाटे हेच करत असणार. दहिवर उतरलं. योगा आणि रायसिंगभाऊ पाण्याच्या नळीतली हवा काढायला बसले, आणि आम्ही दोघी चुलीपाशी आलो.

तिची ओढणी भिजली होती, ती कुडकुडत होती. मी माझी शाल दिली, कारण न देणं बरं दिसलं नसतं. रायसिंगभाऊंच्या बायकोने काळा चहा दिला आणि ती आपल्या भाषेत गाईशी बोलत गोठ्यात गेली. मी म्हटलं, "चांगलं केलंस." हे दोन शब्द माझ्या घशातून मिरचीपेक्षा कठीण निघाले.

जागृतीने चहाचा पेला खाली ठेवला. मग एकदम म्हणाली, "ताई, तुम्हाला एक सांगू? मला तुमचा फार राग येतो."

"माझा?"

"इतके दिवस मी त्यांच्या मागे उभी राहते. हात काळे करते, नवापूरहून आई फोनवर विचारते की तुला तिकडे मिस्त्री म्हणून दिलं का. आणि हे काय करतात? मान वर काढत नाहीत. हात मागे करतात आणि म्हणतात, ‘ताई.’ नुसतं ‘ताई’. नंबर सांगत नाहीत. मला काय कळणार कोणता पाना हवा? मी विचारते, कितीचा? तर म्हणतात, ‘ताईले बरोबर समजस.’ रोज! मी म्हणते, अहो, मी जागृती. तर म्हणतात, हां हां, आणि परत हात मागे. ‘ताई.’" तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिथे मिरची नव्हती. "लग्न माझ्याशी केलं ने त्यांनी?"

काय सांगू तुम्हाला, मला किती आनंद झाला! मोठ्या मनाच्या बायका असतात, त्या अशा वेळी म्हणतात, अगं वेडे, मनावर घेऊ नको. माझं मन तेवढं मोठं नाही. मला त्या चुलीपाशी नाचावंसं वाटलं. पडद्याआड मी जळत होते आणि पडद्याच्या पलीकडे ती जळत होती, आणि मध्ये हा बोळ्याने दूध पिणारा माझा भाऊ, ज्याला दोघींपैकी कुणाचाच पत्ता नाही. तिने पुन्हा एकदा सांगावं म्हणून मी विचारलं, "रोज म्हणतो?" ती म्हणाली, "रोज." मी तिसऱ्यांदाही विचारलं असतं.

आणि त्या आनंदात मी ते करून बसले, जे शुद्धीवर असते तर केलं नसतं. मी तिला सांगून टाकलं. "उजव्या हाताकडे बघू नकोस. डावा बघ. डावा ज्या बोल्टावर, त्याचा पाना. आणि पुसून दे, तेलकट दिला की त्याची बोटं सोलतात." तिने मान हलवली. तेवढ्यात वरच्या चढावरून बग्गीचा आवाज आला, न अडकता, एका दमात, आणि रायसिंगभाऊंची आरोळी. आम्ही दोघी बाहेर धावलो.

त्याला आता काही हिवाळे झाले. रायसिंगभाऊंची बग्गी अजून चढते, आणि तिच्याकडे बघून वरच्या पाड्यांतून आणखी लोक गॅससाठी येतात. जागृतीचं नाकही आता गेलं. पहिल्या वर्षी तिला काही होत नव्हतं, आता परवा शटर उघडलं तेव्हा माझ्या मागे तीही शिंकत होती. वास आता कुणालाच विचारत नाही. खिळ्याला साबणाचा मगा टांगलेला असतो, आणि नानांच्या फोटोखाली तो बघून मला अजून थोडं वाईट वाटतं.

पण मला सांगायचं होतं ते कालचं. दुपारी मी चहा घेऊन मागे गेले. योगा एका नव्या बग्गीवर वाकला होता, जागृती त्याच्या मागे. हात मागे आला. "ताई."

माझ्या दोन्ही हातांत कप. जागृतीने डावा हात बघितला. चौदाचा पाना उचलला. ओढणीच्या टोकाला पुसला, अगदी माझ्यासारखा, आधी जबडा, मग दांडा. त्याच्या तळव्यावर ठेवला. नंबर विचारला नाही, काही नाही. योगाने बोल्ट आवळला आणि मान खालीच ठेवून खुशीत म्हणाला, "पुसेल पाना हाती उना ना, माले समजस. ताईच शे." पुसलेला पाना हातात आला, की मला समजतं, ताईच आहे.

मी तिथेच उभी. ही माझी खूण होती. मी दिलेली, माझ्याच तोंडाने. ओरडून सांगावंसं वाटलं, अरे बैला, मागे वळून बघ, ही मी नाही.

जागृतीने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं होतं की हरल्याचं, ते मला ओळखता आलं नाही. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मनात आलं, की आज मी सांगितलं तर उद्यापासून हात मागे करताना तो जागृतीचं नाव घेईल.

मी कप खाली ठेवले आणि आवाज न करता पडद्याबाहेर आले.